शेवंताबाईचं एक वाक्य

यंदा चैत्रातच आमच्या गल्लीत टँकर सुरू झाला. नांदेडसारख्या नदीकाठच्या गावात टँकर यावा ही काही मिरवायची गोष्ट नाही, पण आला. तो गेल्यावर डांबरावर पाण्याची एक वाकडी रेघ राहते. तिच्यावर चिमण्या उतरतात, कोपऱ्यावरचं कुत्रं जीभ लावून बघतं आणि तापलेल्या रस्त्यावर पाणी पडल्याचा करपट, ओलसर वास खिडकीतून थेट माझ्या स्वयंपाकघरात येतो. त्या वासाबरोबर मला एक जुना उन्हाळा आठवतो. उन्हाळा आठवला की शेवंताबाई आठवते. आणि शेवंताबाई आठवली की माझ्या पोटात दुखायला लागतं.

गोळी घेऊन थांबेल असं हे दुखणं नाही. मी उभा जन्म नर्सची नोकरी केली, मला तेवढं कळतं. मला शेवंताबाईचा हेवा वाटतो. वाटायचा असं नव्हे, वाटतो. गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दात तर केव्हाच दुसऱ्याचे आले, पण हेवा अजून माझा स्वतःचा आहे आणि ठणठणीत आहे.

यंदा तो उसळायला आणखी एक कारण झालं. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी पल्लवी शिरूर अनंतपाळच्या अलीकडे एका उपकेंद्रात नर्स आहे. तिचा फोन आला. म्हणाली, "मावशी, आमच्याकडं पाण्याचे लई हाल चाललेत. टँकर गावात येतो, पण आमच्या डिलिव्हरी रूमला थेंब मिळत नाही. आम्ही सगळ्या मिळून आमदारसाहेबांना भेटायला जाणार आहोत. बोलायचं माझ्यावर आलंय. तू एवढी चांगली बोलतेस, मला लिहून दे ना काहीतरी."

मी तोंडानं हो म्हटलं. पण मन तोवर तिकडे, त्या जुन्या उन्हाळ्यात पोचलं होतं. तोच मुलूख, तेच पाणी, तीच खोली. आमदारकी सुद्धा त्याच घरात. तेव्हा काका होते, आता पुतण्या आहे.

तेव्हा लातूरचा जिल्हा नवानवा झाला होता. नवा जिल्हा म्हणजे नव्या घरात राहायला गेल्यासारखं असतं, भिंती रंगवलेल्या आणि झाडू सापडत नाही. कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग ताजा होता आणि आतले शिक्के जुने होते. काहीही विचारायला गेलं की साहेब लोक म्हणायचे, तुमचा कागद अजून जुन्या जिल्ह्यात आहे. जुन्या जिल्ह्यात गेलं की म्हणायचे, तुम्ही आता आमचे राहिलात कुठे! आम्ही नर्सा मधल्या मध्ये. लोकांना मात्र जिल्ह्याचा कोण आनंद झाला होता. आता सगळं मिळणार, असं चहाच्या टपरीवर बसलेला माणूस सुद्धा सांगायचा. आणि त्याच सुमाराला पाऊस रुसला. एक साल रुसला, दुसऱ्या सालीही तसाच. नव्या जिल्ह्याच्या पाट्यांवरचा रंग उन्हानं पापुद्रे धरून निघायला लागला.

माझं उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढे पत्र्याचा ओटा आणि दारात एक कडुनिंब. एका खोलीत मी राहायची, दुसरीत बाळंतपणं व्हायची. त्या उन्हाळ्याचा वास माझ्या नाकात अजून आहे. कडुनिंबाच्या मोहराचा, स्टोव्हच्या रॉकेलचा, उकळत्या सुया-सिरिंजांचा आणि न धुतलेल्या पांढऱ्या साडीचा. पांढरी साडी नेसणाऱ्या बाईला पाणी नसणं म्हणजे काय, हे रंगीत नेसणारीला कळायचं नाही. तोंड धुतलेलं पाणी मी घमेल्यात धरायची, त्यात फडकी काढायची, फडक्यांचं पाणी फरशीला आणि फरशी पुसून पिळलेलं पाणी कडुनिंबाला. ते झाड माझ्याहून कमी तक्रार करायचं.

गावाला टँकर यायचा. गावच्या विहिरीत नळा सोडून रिकामा व्हायचा आणि मग विहिरीवर अशी झुंबड उडायची की दोर एकमेकींत गुंतायचे. मी एकटी बाई, परगावची, त्यात नोकरीवाली. त्या गर्दीत शिरून दोन घागरी काढणं मला जमायचं नाही. कुणी दया येऊन कळशीभर दिलं तर दिलं. बाळंतपणाला काय कळशीभर पाणी पुरतं?

मग गावानंच एक रीत पाडली. कळा सुरू झालेल्या बाईला बैलगाडीत घालून आणायचे, तेव्हा सोबत जुन्या लुगड्यांचं गाठोडं आणि पाण्याची भरली घागर आणायचे. सासू गाडीत घागर मांडीशी धरून बसायची. रस्ता खडकाळ, घागर हिंदकळली की सासू "सांभाळा, सांभाळा" म्हणून ओरडायची, आणि ती सुनेसाठी ओरडते की पाण्यासाठी ते कळायचं नाही. ज्यांच्याकडे घागर भरली नसायची ते गाडी जुंपायलाच उशीर करायचे. काही तर यायचेच नाहीत. एक बाई मला नंतर भेटली तेव्हा म्हणाली, "सिस्टर, मोकळ्या हातानं कसं यावं तुमच्याकडं?" तिची पोर घरीच झाली होती आणि तिला पुढे पंधरवडाभर ताप होता. दवाखान्यात येताना पाणी न्यावं लागतं म्हणून बाई दवाखान्यात येत नाही, हे ऐकून माझं डोकं सणकलं. हे कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, असं मी ठरवलं. आणि सांगायचं म्हटलं की माझ्याइतकं कोण सांगणार होतं?

हा माझा गर्व नव्हता, गावभरचं मत होतं. मी नांदेडच्या वस्तीत वाढलेली. जयंतीला विहारासमोर मंच उभा राहायचा, त्यावर फ्रॉक घातल्यापासून मी भाषणं केलेली. माझे वडील शाळामास्तर. ते मंचाच्या खाली उभे राहून माझ्या तोंडाकडे बघत ओठ हलवायचे. शाळेत, पुढे नर्सिंगच्या ट्रेनिंगला, वक्तृत्वाचा कप आला तर तो माझ्याच कपाटात यायचा. आवाज खणखणीत, शब्द जिभेवर हजर. आरोग्य केंद्राच्या महिन्याच्या मीटिंगला डॉक्टरसाहेब सुद्धा म्हणायचे, "कुसुम सिस्टर, आभार तुम्हीच माना."

त्याच मीटिंगला शेवंताबाई कोपऱ्यात बसून पेंगायची. ती शेजारच्या उपकेंद्राची नर्स, मूळची देगलूरची. तिच्या बोलण्यात मराठी, तेलुगू आणि उर्दू एका ताटात जेवायची. ती माझ्याहून चांगली सहा-सात वर्षांनी मोठी, तरी मला "अक्का" म्हणायची. तेलुगूत अक्का म्हणजे थोरली बहीण. मी चिडायची म्हणूनच म्हणायची. पान खायची, पान खाल्लेलं कुणाला कळू नये म्हणून तोंडावर पदर धरायची आणि तरी पदराला डाग पडायचाच. तिचा साधेपणा वगैरे काही नव्हता. चांगली ठसक्यात चालायची, केसांत रोज काही ना काही माळायची, फूल नसलं तर मरव्याची काडी. तिचा आणि भाषणाचा छत्तीसचा आकडा. एकदा तिला मीटिंगमध्ये उभं केलं, तर "नमस्कार, बसते" म्हणून खाली बसली.

आम्ही आमदारांना भेटायचं ठरवलं. टँकर महसूल खात्याचा आणि खोली जिल्हा परिषदेची. दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवत होती. डॉक्टरांनी वर कळवलं होतं, त्याचं उत्तर नव्या-जुन्या जिल्ह्याच्या मध्ये कुठेतरी अडकलं होतं. दोन खात्यांना एका जागी आणील असा माणूस म्हणजे आमदार, इथपर्यंत माझा हिशेब बरोबर होता. तेवढं श्रेय मी घेते. जायची कल्पना माझी होती, हे शेवंताबाई कुणाला सांगत नाही.

आमदारांचा दरबार सकाळी भरायचा. वाड्याबिड्यासारखं काही नाही, साधं सिमेंटचं घर. पुढच्या पडवीत ते बनियन आणि लुंगीवर आरामखुर्चीत बसायचे, शेजारी तिपाईवर काळा फोन, आणि अंगणात माणसंच माणसं. कुणाची बदली, कुणाचा वीजखांब, कुणाचा पोरगा. आम्ही सगळ्या नर्सा इस्त्रीच्या पांढऱ्या साड्यांत एका रांगेत उभ्या राहिलो. इस्त्रीसाठी शिंपडायचं पाणी मी पिण्याच्या तांब्यातून घेतलं होतं. हार होता, शाल होती, टाइप केलेलं निवेदन होतं. निवेदनात पाणी होतं, शिवाय पत्रे, रस्ता, राहायची खोली, प्रवासभत्ता, नव्या जिल्ह्यात आमची ज्येष्ठता धरणार की नाही, असं सगळंच होतं. एवढ्या सगळ्या आलोच आहोत तर एकदाच सगळं मागून घेऊ, असं प्रत्येकीला वाटलं होतं.

मी बोलायला सुरुवात केली. काय बोलले होते मी त्या दिवशी! आजही मला बहुतेक पाठ आहे. जिथं नवा जीव पहिला श्वास घेतो तिथं त्याला पुसायला ओलं फडकं मिळत नसेल, तर जिल्हा नवा होऊन काय उपयोग, जन्माला येणारं लेकरू जुन्याच जिल्ह्यात जन्माला येतं, असं काहीतरी. अंगण शांत झालं. बदलीवाला, खांबावाला, सगळे माझ्याकडे बघत राहिले. आमदारांनी चहाची बशी खाली ठेवली. माझं संपलं तसे ते टाळ्या वाजवायला लागले आणि आत तोंड करून म्हणाले, "अगं, जरा भाईर ये की. ह्या बाई काय बोलून राहिल्या बघ. लई झ्याक!"

त्यांच्या पत्नी पदराला हात पुसत बाहेर आल्या. आणि आमदार मला म्हणाले, "बाई, ते जिल्ह्याचं अन् लेकराचं परत एकदा म्हणा. ह्यांनी ऐकलं न्हाई."

मी परत म्हटलं! सगळं, हातवाऱ्यांसकट. दुसऱ्यांदा तर जास्तच रंगलं. त्यांच्या पत्नीनं डोळे पुसले. आमदारांनी निवेदनावर कोपऱ्यात काहीतरी लिहून ते शेजारच्या माणसाकडे दिलं, त्यानं ते पिशवीत घातलं. मग आमदार म्हणाले, "जिल्ह्याच्या कार्यक्रमाला महिलांच्या वतीनं बोलाया तुमीच या. मी गाडी पाठवतो." आम्हाला सगळ्यांना चहा मिळाला. मला बिस्किटंही मिळाली.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. गरम वारा तोंडावर येत होता तरी मला तो गार लागत होता. सगळ्या नर्सा माझं कौतुक करत होत्या. शेवंताबाई मागच्या बाकावर पेंगत होती. अर्ध्या वाटेत तिला जाग आली, तिनं पुढे वाकून माझ्या खांद्याला बोट लावलं आणि विचारलं, "अक्का, मंग पानी कवा येनार?"

मला असा राग आला तिचा. एवढं सगळं झालं, बाई रडल्या, गाडी पाठवतो म्हणाले, आणि हिचं आपलं पानी! मी म्हटलं, "शेवंताबाई, साहेबांनी स्वतः लिहून दिलंय. येईल." ती म्हणाली, "काय लिवलं?" ते मी वाचलं नव्हतं.

नंतर कळलं, त्यावर लिहिलं होतं, "योग्य कार्यवाहीस्तव." योग्य कार्यवाही काय, हे ज्याला करायची त्यालाही कळलं नसावं. मी जिल्ह्याच्या कार्यक्रमात बोलले. गाडी खरोखरच आली होती. भरपूर टाळ्या पडल्या. मंचावर पाहुण्यांसमोर पाण्याचे ग्लास ठेवले होते, प्रत्येकावर बशी झाकलेली. घरी आले तर ओट्यापुढे एक बैलगाडी सोडलेली, आणि सासू रिकामी घागर पुढ्यात घेऊन माझी वाट बघत बसलेली. घागर रस्त्यात सांडली होती.

पुढच्या बाजारच्या दिवशी शेवंताबाई माझ्या दारात उभी राहिली. म्हणाली, "चल अक्का, सायबाकडं जाऊ. तू नुस्तं उभी ऱ्हा. बोलू नको." मला ते "बोलू नको" असं झोंबलं की मी जाणारच नव्हते. पण गेले. हिची फजिती डोळ्यांनी बघावी, असं मनात होतं. त्यासाठी मी उन्हात चालायला तयार होते.

पडवी तीच, फोन तोच, गर्दी तीच. मला बघून आमदार खूश झाले. "या, या! आज काय ऐकवता?"

मी तोंड उघडणार, तोच शेवंताबाई माझ्यापुढे आली. तोंडात पान नव्हतं, हे मी पहिल्यांदा बघितलं. ती म्हणाली, "सायेब, टँकर हिरीवर जायच्या आदी दोन पिंपं पानी आमच्या बाळंतपनाच्या खोलीला टाकून जाऊ द्या, एवढं तहसीलदाराला सांगा."

संपलं. एवढंच. मला वाटलं अजून काही बोलेल, घागरीचं सांगेल, तापाचं सांगेल. काही नाही.

आमदार म्हणाले, "बघतो."

शेवंताबाई हलली नाही. ते दुसऱ्या माणसाशी बोलायला लागले, त्याचं झालं, तिसरा आला, त्याचंही झालं. ही तिथेच. आमदारांनी मान वर केली. "अवो बाई, बघतो म्हन्लं ना."

"हाव सायेब. तुमी फोन करस्तोर थांबते."

शेजारचा पिशवीवाला म्हणाला, "अर्ज द्या, अर्ज." शेवंताबाई म्हणाली, "अर्ज मागच्या येळी दिलाय. आज फोनचं काम हाय." तिच्या आवाजात राग नव्हता, लाडीगोडी नव्हती. पोलिओचा डोस पाजताना पोराचं तोंड उघडेपर्यंत थांबते, तशी थांबली होती. आमदारांनी तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं. तिनं तेच वाक्य परत म्हटलं, जसंच्या तसं, एक शब्द इकडे-तिकडे नाही. मग ते हसले आणि त्यांनी फोन उचलला. तहसीलदार लाइनीवर आल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, गाव कोन्तं?" तिनं तिचं गाव सांगितलं, टँकरचे वार सांगितले. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "अन् हिचं बी हाय." त्या एका "हिचं बी" मध्ये माझं सगळं वक्तृत्व बसलं.

फोन झाल्यावर ती चहाला थांबली नाही. "येते सायेब," म्हणून चालायला लागली. मी तिच्यामागे.

पिंपं भरली. माझ्या ओट्यावर दोन लोखंडी पिंपं आली, झाकणासकट. टँकर थांबायचा, क्लीनर नळा टाकायचा, पत्र्यावर पाण्याचे शिंतोडे उडायचे आणि पिंपाच्या तळाशी पाणी पडतानाचा तो घुमणारा आवाज. तो ऐकायला गावातल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. सासवा घागर न घेता यायला लागल्या. मला आनंद झाला नाही असं कोण म्हणेल? पण त्याच बायका त्या पिंपांना काय म्हणायच्या, ठाऊक आहे? शेवंताबाईची पिंपं. माझ्या गावात, माझ्या ओट्यावर, माझ्या कडुनिंबाखाली! "सिस्टर, शेवंताबाईच्या पिंपातलं तांब्याभर देता का?" म्हणून विचारायच्या. मी द्यायची. देताना दात-ओठ खायची.

मी स्वतःची समजूत काढायचा फार प्रयत्न केला. त्या दिवशी साहेबांची तब्येत खुशीत असेल. माझ्या भाषणानं जमीन आधीच भिजली होती, तिनं फक्त बी टाकलं. तिला बोलता येत नाही म्हणून ती एकच वाक्य बोलली, त्यात शहाणपण कसलं? असं काय काय. पण आठवड्यानं तिनं जे केलं ते ह्या कशातच बसेना. ती पुन्हा आमदारांकडे गेली. मी विचारलं, "आता काय मागायचंय?" म्हणाली, "काय न्हाई. पानी आलं म्हून सांगाया जाते."

आणि खरंच तेवढं सांगून आली. "सायेब, पानी आलं. दोनी पिंपं भरली. एवढंच सांगाया आले." त्या अंगणात रोज शंभर माणसं मागायला येत असतील. मिळालं म्हणून सांगायला आलेली बहुधा तीच पहिली. आमदार म्हणे खुर्चीतून उठले आणि तिला फाटकापर्यंत सोडायला आले. हे मला तिनंच सांगितलं, आणि एकदा नाही, जन्मभर सांगितलं. लग्नात, बारशात, एसटीत, ओळख नसलेल्या बायकांनाही. प्रत्येक वेळी फाटक थोडं थोडं लांब जायचं.

त्यानंतर तिचं कुठलंही काम अडलं नाही. नव्या जिल्ह्यात आमची ज्येष्ठता धरावी म्हणून मी दोन निवेदनं लिहिली, ती कुठे गेली कुणास ठाऊक. शेवंताबाई एकटी गेली आणि तेवढं एकच बोलून आली. ज्येष्ठता धरली. तिची धरली तशी माझीही धरली. म्हणजे माझी पेन्शन सुद्धा तिच्या एका वाक्यावर चालते, असं म्हणायला हरकत नाही. म्हणूनच म्हणत नाही.

मी नोकरीतून सुटले त्यानंतर कधीतरी एका लग्नात ते आमदार भेटले. माजी झाले होते, काठी आली होती. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. "अरे वा, तुमी! लई झ्याक बोलायच्या. अजून बोलता का?" मी म्हटलं, बोलते कधी कधी. मग त्यांनी माझ्या मागे बघून विचारलं, "अन् पान्याच्या बाई कशा हाईत?" मी श्रीखंड घेतलं होतं. ते तसंच पानात राहिलं.

आता माझं मला कळतं. सकाळपासून शब्दच खाणाऱ्या माणसाला मी आणखी शब्द वाढले होते. त्यानं ते आवडीनं खाल्ले आणि तृप्त होऊन हात धुतला. त्या बाईनं त्याच्या हाताला काम दिलं, तेही त्याला बसल्या जागी उरकेल असं. हे मला कळतं, कुणालाही समजावून सांगता येतं, त्यावर मी सुंदर व्याख्यान देऊ शकते. पण कळूनसुद्धा मला ते कधी करता आलं नाही. उभं राहिले की शब्द यायचेच. गाणाऱ्याला गप्प बस म्हणण्यासारखं होतं ते. आणि तिला गप्प राहायला काहीच कष्ट पडायचे नाहीत, ह्याचाच तर हेवा.

तर पल्लवीसाठी मी लिहायला बसले. सवयीनं दोन पानं झाली. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचली, कुकरची शिट्टी होईपर्यंत. चांगलं झालं होतं. आमचे हे बाहेरून म्हणाले, "कुणाची जयंती आहे?" मी ती पानं घडी करून डब्याखाली सारली आणि पल्लवीला फोन लावला.

"लिहून घे," मी म्हटलं. "साहेब, टँकर विहिरीवर जायच्या आधी आमच्या बाळंतपणाच्या खोलीची टाकी भरून जाऊ द्या, एवढं तहसीलदारांना सांगा."

"बरं. पुढे?"

"पुढे काही नाही."

"मावशी, एवढंच? हे तर मला पण आलं असतं."

"मग म्हणून दाखव."

तिनं म्हटलं आणि शेवटी "कारण आम्हाला खूप अडचणी येतात" असं जोडलं. मी ते काढायला लावलं. परत म्हटलं, तर सुरुवातीला "आपल्या कार्यकुशल नेतृत्वाखाली" आलं. तेही काढलं. पोरीत माझं रक्त आहे. म्हणाली, "आणि ते बघतो म्हणाले तर?"

"उभी राहा. फोन करेपर्यंत थांबते म्हण."

"आणि बाकीच्या मागण्या?"

"त्या दुसऱ्या दिवशी. एका दिवशी एक."

फोन ठेवला तेव्हा मला फार बरं वाटलं. वाटलं, आता हे वाक्य माझं झालं. इतकी वर्षं मी ते सांभाळलं, मी पुढच्या पोरीला दिलं. शेवंताबाई देगलूरला लेकाकडे बसलीय, तिला ऐकू कमी येतं, तिच्याकडून कोण काय शिकणार? आता ही पोर जाईल, काम करून येईल आणि विचारलं कुणी तर माझं नाव सांगेल.

चार दिवसांनी पल्लवीचा फोन आला. आवाजच हसरा होता. "मावशी, झालं! अगदी तू सांगितलं तसंच. ते बघतो म्हणाले, मी थांबते म्हणाले, सगळे हसले, आणि त्यांनी मोबाईल काढून तहसीलदारांना लावला. पण मावशी, एक गंमत झाली. तिथं कोपऱ्यात खुर्चीवर एक म्हातारे बसले होते. त्यांचे काका, आधीचे आमदार. डोळे मिटून होते, मला वाटलं झोपलेत. मी ते वाक्य म्हटलं तसे उठून बसले. म्हणाले, 'हे शेवंताबाईचं बोलनं हाय. तू तिची कोन?'"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, मी नाही ओळखत, मला माझ्या मावशीनं शिकवलं. तर म्हणाले, कोण मावशी? मी तुझं नाव सांगितलं. म्हणाले, 'हां, त्या! त्या लई झ्याक बोलायच्या.' मावशी, कोण गं ही शेवंताबाई?"

मी तिला अर्धा तास शेवंताबाई सांगितली. पान सांगितलं, पदराचा डाग सांगितला, लांब जाणारं फाटक सांगितलं. चांगलं बोलले असेन, पल्लवी खूप हसली. फोन ठेवल्यावर मात्र कुठेच मन लागेना. भांडी घासली, तांदूळ निवडले. इतक्या वर्षांनी, ती हजर नसताना, माझ्याच भाचीच्या तोंडातून, तिचंच नाव! शेवटी राहवेना म्हणून देगलूरला फोन लावला. सुनेनं उचलला आणि तिच्या कानाशी धरला.

"शेवंताबाई, मी कुसुम."

"अक्का! बोल."

मी बोलले. सगळं सांगितलं, पल्लवी, पडवी, म्हातारे आमदार, तिचं नाव. थोडं तक्रारीच्या सुरात, थोडं थट्टेच्या. मला वाटलं, ही आता फुगणार, फाटकाची गोष्ट काढणार. मी त्याची तयारी ठेवून होते.

ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे अक्का. पोरीच्या टाकीत पानी आलं का?"

पल्लवीशी इतकं बोलले होते. म्हातारे कसे उठून बसले, नक्की कोणते शब्द म्हणाले, हे मी तिला दोनदा विचारून घेतलं होतं. पाण्याचं विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगते तुम्हाला," मी म्हटलं. "उद्या करते फोन."

"आत्ता इचार की."

"आत्ता ती कामात असेल."

"हाव," शेवंताबाई म्हणाली. "तू इचारस्तोर थांबते."

आणि तिनं फोन ठेवला नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, सुनेच्या बांगड्या वाजत होत्या, कुठेतरी कुणीतरी तेलुगूत भांडत होतं. माझा फोन तिच्याच कॉलवर अडकलेला. मी तो तसाच कट्ट्यावर ठेवला, बाहेर जाऊन ह्यांच्या खिशातला फोन काढला आणि पल्लवीला लावला.